वीकेंड : उत्तरा नक्षत्रातली बाग

सप्टेंबर उजाडला की ऑफिसात एकच प्रश्न फिरायला लागतो : कासला कधी जायचं? मग बुकिंग, मग दोन गाड्या, मग साताऱ्यापुढचं ट्रॅफिक आणि शेवटी फुलांपेक्षा माणसांचेच फोटो जास्त. कासला नावं ठेवायची नाहीत, ते आहेच देखणं. पण या वर्षी गाडी जरा उलट्या दिशेने वळवा. नांदेड आणि लातूर. हो, मराठवाडा! ‘तिथे कुठल्या बागा?’ म्हणून वर गेलेली तुमची भुवई आम्हाला इथूनच दिसतेय.

मराठवाड्यात बाग म्हणजे फुलांचे वाफे, कारंजं, बाकडी... पण ते सगळं नंतर. आधी केळीची बाग, मोसंबीची बाग आणि जमिनीच्या कागदावरचा ‘बागायत’ हा शब्द. शेत बागायती म्हणजे त्याला पाणी आहे, नाहीतर कोरडवाहू. लग्नाच्या बोलणीत ‘किती एकर?’ झालं की पाठोपाठ ‘त्यातलं बागायती किती?’ येतंच. त्यामुळे इथे बाग बघायची म्हणजे तिला पाणी कुठून आलं हेही बघायचं. आणि त्याला मुहूर्त हाच. महालक्ष्म्या (तुमच्याकडच्या गौरी!) उठलेल्या असतात, १७ सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस धरणांचा हिशेब मांडत असतो.

मुंबईहून रात्री देवगिरीत बसलात की सकाळी नांदेड. आंघोळ-नाश्ता उरकून थेट अर्धापूर गाठा, शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. इसापूर धरणाचं पाणी कालव्याने या भागात आलं आणि केळीने तालुक्याची ओळखच बदलली. आत शिरण्याआधी बांधावरून हाक मारा, ‘मामा, बाग बघू का?’ नाही कोणी म्हणत नाही, उलट चहा होतो. आत गारवा, पायाखाली ओल, डोक्यावर फाटकी हिरवी छत्री. कडेने वारा अडवायला शेवरी लावलेली असते, ती बघाच. केळीचं झाड म्हणजे झाड नव्हेच, पानांच्या देठांचा गुंडाळा. जोराच्या वाऱ्यात तो घडासकट आडवा होतो आणि वर्षाची कमाई जमिनीवर येते.

संध्याकाळी गोविंद बाग. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या जवळच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला. माधोदास बैरागी हा साधू गोदावरीच्या काठी आश्रम करून राहत होता, तोच गुरूंना भेटल्यावर बंदासिंग बहादूर झाला, हेही इथलंच. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराने कात टाकली, रस्ते आणि घाट नवे झाले. बाग म्हणून गोविंद बाग नीटनेटकी, कुटुंबवत्सल, फोटोला बरी. पण खरं सांगायचं तर बागेपेक्षा लंगरातली डाळ जास्त लक्षात राहते.

रविवारी पहाटे लातूरचा रस्ता धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, मधूनच तुरीच्या गर्द ओळी. बांधावर तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, टाकळा, आघाडा. ही फुकटची बाग आहे, तिकीट नाही की पार्किंग नाही. थांबत थांबत जा.

चाकूरपासून सुमारे १६ किलोमीटरवर वडवळ नागनाथ. गावाजवळ एक डोंगर आहे, त्याला म्हणतात संजीवनी बेट. पाण्यातलं बेट नव्हे हं! आमच्याकडे सपाट मुलखात एकट्या उभ्या राहिलेल्या डोंगरालाही बेट म्हणतात. उदगीरजवळचं हत्तीबेटही तसंच. हनुमान द्रोणागिरी घेऊन निघाला आणि त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी कथा. कथेचं काहीही असो, डोंगरावर औषधी वनस्पतींची रेलचेल आहे. आणि ना माळी, ना पाइप, ना स्प्रिंकलर.

उत्तरा नक्षत्रात, म्हणजे साधारण १३ ते २६ सप्टेंबर, इथे लांबून लोक येतात. या दिवसांत इथल्या पाल्याला विशेष गुण येतो ही श्रद्धा. कोणी खुडून तिथेच चावतं, कोणी पिशवी भरून नेतं. औषधाला पैसे नसलेल्या माणसाने आशेने डोंगर चढावा, यात हसण्यासारखं काही नाही. पण तुम्ही-आम्ही, हेल्थ इन्शुरन्सवाल्यांनी, फक्त बघावं. एक तर पान ओळखता येणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. धोतरा, रुई, गुंज हीसुद्धा मराठवाड्याच्या माळावरचीच मंडळी आणि तिन्ही विषारी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शतावरी, मुसळी यांचं औषध मुळात असतं, म्हणजे औषध नेलं की झाड संपलं. आणि सप्टेंबर हे बी धरण्याचे दिवस. बी पडण्याआधी रोप उपटलं तर पुढच्या वर्षी त्या जागी काय उगवणार? गुण नक्षत्रामुळे येतो की नाही यावर वाद घाला खुशाल, पण रोप नेमकं याच पंधरवड्यात उपटलं तर नुकसान सगळ्यात मोठं, याला वाद नाही. शंभर जणांनी एकेक मूठ नेली तर डोंगराला कळतं.

आणि हा डोंगर काय काय सोसून उभा आहे! २०१६ चा उन्हाळा आठवतोय? मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली होती. त्या उन्हाळ्यात माळावरच्या वनस्पतींना कोण टँकर नेणार? त्यांची रीतच वेगळी. कंद जमिनीखाली झोपून राहतात, बिया मातीत दडून बसतात आणि पावसाची वाट बघतात. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या पावसाने मांजरा भरलंसुद्धा. अर्थात हा पाऊस नेहमीच गुणी असतो असं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरलं आणि सप्टेंबरात मराठवाडाभर सोयाबीन कुजलं. तेव्हा निघण्याआधी हवामानाचा अंदाज बघा आणि ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालण्याचं शौर्य दाखवू नका.

बेटावर सकाळी लवकर चढा, दहानंतर ऊन भाजतं. बूट घाला, पाणी घरून न्या, बाटली परत आणा. आणि पिशवी गाडीतच ठेवा.

लातूरला पोहोचलात की नाना-नानी पार्कमध्ये टेका. आजोबा मंडळी, भेळ, शिकवणीतून सुटलेली पोरं, असा सगळा माहोल. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांकडेही जरा लक्ष द्या. ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ची मंडळी २०१९ पासून शहरात झाडं लावताहेत आणि, त्याहून कठीण काम, जगवताहेत. रेल्वेने पाणी आलेल्या गावात रोपाला बादलीभर पाणी घालणं म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईत बसून कळत नाही.

औषधी झाड हवंच असेल तर परतीच्या गाडीआधी एखाद्या नर्सरीत डोकवा. अडुळसा, गवती चहा, तुळस, कोरफड स्वस्तात मिळतात आणि सीटखाली मावतात. त्यातली कोरफड घ्या. दोन आठवडे पाणी घालायला विसरलात तरी रुसत नाही, आणि तुमचे ऑफिस-अवर्स आम्हाला माहीत आहेत!