शाहिराला घोडा कोणी द्यावा?

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंची समाधी आहे. राज्याभिषेकाच्या निमित्ताने ६ जूनला गडावर जाणारा लोंढा पाचाडवरूनच वर चढतो आणि त्या दिवसांत डफाची थाप दरीत सारखी घुमत असते. अलीकडे ती बहुधा ध्वनिमुद्रित असते, ही गोष्ट वेगळी. मराठी पोवाड्याची हकीकत ज्या नावापासून सांगण्याचा प्रघात आहे, ते नावही जिजाबाईंशीच जोडलेले आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला. त्यावर अज्ञानदासाने पोवाडा रचला तो जिजाबाईंच्या सांगण्यावरून, आणि त्याबद्दल त्याला एक घोडा व शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, असे परंपरा सांगते. साहित्याचे अभ्यासक या पोवाड्याच्या भाषेविषयी लिहितात. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष मात्र घोड्याकडे जाते.

कारण शाहिराचे पोट कोणी भरावे, या प्रश्नाच्या उत्तरावर तो काय गाणार हे पुष्कळसे अवलंबून असते. दरबाराने घोडा दिला तर दरबाराचा पराक्रम गाइला जाईल. त्यात वावगे काही नाही, पराक्रम खरा होता. पण दरबाराविरुद्धच गायचे असेल तेव्हा घोडा कुठून आणायचा? या प्रश्नाशी या शतकाच्या आधीच्या शतकात ज्यांनी उघडपणे झुंज घेतली, त्यांत १९४४ साली मुंबईत उभे राहिलेले ‘लाल बावटा कलापथक’ अग्रभागी आहे.

पथकाचे मुख्य गायक तिघे. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अण्णाभाऊंचे शालेय शिक्षण नाममात्र. वडिलांबरोबर सातारा-सांगलीकडून पायी मुंबईस आलेला हा मुलगा हमाली करीत, गिरणीत राबत अक्षरे शिकला. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी मोटारीवर क्लीनर म्हणूनही काम केले होते. अशा माणसांना भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी भांडवल लागणारच नाही असे नाट्य उभे केले. डफ, तुणतुणे, झांज आणि गळा. रंगमंच म्हणजे गिरणीचे फाटक किंवा चाळीचा चौक. गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण त्यांनी तमाशातून बाजूला केले आणि त्या जागी मातृभूमी, कामगार, सावकार आणि काळाबाजारवाला आणून बसवले. ‘अकलेची गोष्ट’सारखे वग शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट इतक्या सोप्या रीतीने सांगत, की आमच्यासारख्यांच्या पाठ्यपुस्तकांनी हेवा करावा.

या उद्योगाला गिऱ्हाईक होते, हे विसरता कामा नये. गिरणगावात तेव्हा दोन लाखांच्या आसपास कामगार होते. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, एकाच वस्तीत राहणारा, एकाच भोंग्यावर उठणारा इतका मोठा श्रोतृवर्ग हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी होता. झोळीत पडणारी आणेली-दुआणी लहान, पण झोळ्या पुष्कळ. घोडा एका धन्याने न देता हजारोंनी वर्गणीने दिला, एवढाच काय तो फरक. आणि तो फरकच पथकाच्या भाषेत उतरला होता.

पुढे स्वातंत्र्य आले आणि मुंबई सरकारची या पथकावर वक्रदृष्टी वळली. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी त्यालाच ‘लोकनाट्य’ म्हटले आणि खेळ चालू ठेवला. हे नाव आज सरकारी कागदपत्रांतही रूढ आहे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ नंतरच्या त्या चार वर्षांत, अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ आणि अमर शेखांचा पहाडी आवाज यांनी जे केले ते त्या पिढीतल्या वृद्धांनी आपल्या मुलाबाळांना सांगून ठेवले आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर दहा वर्षेही उलटली नाहीत तोच, १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दोघांत सहा आठवड्यांचे अंतर. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणारे, ‘फकिरा’साठी राज्य पुरस्कार मिळालेले अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत दोन दशके राहिले आणि अखेरच्या काळात गोरेगावी हलाखीतच वारले. १९८५ मध्ये त्यांच्या नावाने सरकारने विकास महामंडळ काढले, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जिवंतपणी न मिळालेला घोडा मेल्यावर पुतळ्यापुढे नेऊन बांधण्याची आपली रीत जुनी आहे.

याच गोष्टीचे दुसरे रूप फार दूर, स्वीडनमध्ये पाहावयास मिळते. १९७७ साली स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील रोग्सवेद नावाच्या उपनगरात तीन तरुणांनी ‘एब्बा ग्रोन’ नावाचे गायकवादकांचे टोळके जमवले. पंक म्हणून ओळखला जाणारा तो संगीतप्रकार: स्वस्त गिटार, ढोल, मोजके सूर आणि तारस्वरातले शब्द. शास्त्रोक्त शिक्षणाची अट नाही, भांडवल नगण्य. आपल्याकडील डफ-तुणतुण्याचेच हे विलायती भावंड. नावही कसे, तर एका दहशतवाद्याला पकडण्याच्या मोहिमेत पोलिसांनी वापरलेला सांकेतिक शब्द उचललेला. ही मंडळी राजा, पोलीस, श्रीमंत आणि सुखवस्तू समाज यांना यथेच्छ दूषणे देत. १९८३ मध्ये पथक मोडले, पण स्वीडिश पंकचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही.

माझे कुतूहल वेगळेच आहे. ज्या स्वीडनला ही पोरे शिव्या घालीत, त्याच स्वीडनमध्ये नवख्या वाद्यवृंदांना सरावाची खोली मिळण्याची सोय सार्वजनिक पैशातून झालेली होती. तेथे ‘अभ्यासमंडळे’ चालवणाऱ्या संस्था आहेत. कामगार चळवळीने १९१२ मध्ये काढलेली संस्था त्यांत सर्वांत मोठी. चार माणसे नियमितपणे एकत्र बसून काही शिकत असतील, तर त्या तासांच्या हिशेबाने संस्थेला अनुदान मिळते. मग ती माणसे भाषा शिकोत, विणकाम शिकोत, की तळघरात गिटार बडवोत. गाण्यात काय म्हटले आहे, हे अनुदानाच्या अर्जात विचारले जात नाही. अलीकडे तेथील सरकारने या अनुदानाला कात्री लावली आणि त्यावर बराच वाद झाला, हेही नमूद केले पाहिजे. तरी पैसा सरकारचा आणि शब्द गाणाऱ्याचा, ही गोष्ट अशक्य नाही एवढे त्यावरून सिद्ध होते.

आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, बंडखोर कलावंताला उपासमारच मानवते. पोट भरले की धार जाते. हे मत बहुधा पोटभर जेवलेली माणसे मांडतात. अण्णाभाऊंच्या हलाखीने त्यांच्या एखाद्या तरी कादंबरीचा कस वाढला, असे कोणी दाखवून देऊ शकत नाही. त्या हलाखीने त्यांना ४९ व्या वर्षी नेले, एवढेच दिसते. दुसरे मत असे की, ज्याला मागणी आहे ते बाजार टिकवील, बाकीचे जाईल. त्याला उत्तर बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच देऊन ठेवले आहे. गिरणीत यंत्र सुधारले की तासाला निघणारे कापड वाढते. पण तासाभराच्या पोवाड्याला शिवकाळात जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. इतरत्र वेतन वाढत गेले की जिवंत कला आपोआप महाग होते, तिच्यात काही दोष नसतानाही. मग गावच्या उत्सवात चार शाहिरांऐवजी ध्वनिक्षेपकांची भिंत येते. उत्सव मंडळाचा खजिनदार अरसिक असतो असे नव्हे. तो हिशेब करतो.

महाड-पोलादपूरच्या खेड्यांनी या अडचणीवर आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. इथला जाखडीचा नाच, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या या मुंबईतल्या चाकरमान्यांच्या वर्गणीवर जगल्या. गावकीचे मंडळ मुंबईत नाट्यगृह घेई, तिकिटे खपवी आणि उरलेल्या पैशातून गावचे देऊळ किंवा शाळेची भिंतही उभी राही. परळच्या दामोदर नाट्यगृहाने अशा किती रात्री पाहिल्या असतील! परंतु ती वर्गणीही बरीचशी गिरणीच्या पगारातून येत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, आणि त्याबरोबर लाल बावट्याचा श्रोता व जाखडीचा आश्रयदाता असे दोघेही विखुरले. आपण गिरण्यांच्या जमिनीचा हिशेब अजून करीत आहोत. गाण्याचा हिशेब कोणी केला नाही.

आज या तालुक्यांत गाणारी मुले नाहीत असे मुळीच नाही. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात डफावर थाप मारणारा असतो आणि भ्रमणध्वनीवरच्या तालावर आपल्या शब्दांचे रॅप म्हणणाराही असतो. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर महाडची मुले स्वतः गाणी रचतात. त्यांना मानपत्र नको आहे. त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायला एक खोली, एक डफ, बरा ध्वनिक्षेपक आणि आपल्या ओळी कोणी आधी तपासणार नाही एवढी हमी हवी आहे.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. नमुना घरातच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद आणि कामकाज यांवरून. कपाटात मार्क्स आहे की ज्ञानेश्वरी, यावरून नव्हे. अनुदान अपुरे असते, उशिरा येते, ग्रंथपालाच्या पगाराची दैना सर्वांना ठाऊक आहे. पण तत्त्व बरोबर आहे. कलापथकांची नोंदणी याच धर्तीवर व्हावी: सरावाचे तास, सभासद आणि वर्षाकाठी केलेले प्रयोग मोजावेत आणि थांबावे. निम्मा पैसा गावाने वर्गणीतून उभा करावा, म्हणजे श्रोत्याचा हक्कही शाबूत राहील.

आणि खोलीचे म्हणाल, तर तालुक्यातली बहुतेक वाचनालये रात्री आठच्या सुमारास बंद होतात. किल्ली ग्रंथपालाकडे असते. कार्यकारी मंडळाने एक ठराव केला की पुरे; या महिन्याच्या सभेतही तो करता येईल.