‘क्रे नाकारला, परम घडला’ : अर्ध्या गोष्टीने झाकलेला प्रश्न

१/ अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला आणि भारताने जिद्दीने पुण्यात ‘परम’ घडवला. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. जी अर्धी बाजू गळते, तीच अहिल्यानगरसारख्या जिल्ह्याच्या आजच्या प्रश्नाला भिडते. म्हणून हा धागा.

२/ पहिली दुरुस्ती. क्रे भारताला मिळालाच नाही, असे नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘क्रे एक्स-एमपी १४’ दिल्लीत आला, तो मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक समर्थ यंत्र मात्र मिळाले नाही. हवामान अंदाजाच्या यंत्राला होकार, संशोधन संस्थेच्या यंत्राला नकार. असा भेद का?

३/ कारण उघड आहे. हवामानाचे यंत्र एका ठरलेल्या कामाला बांधता येते आणि त्यावर पहारा ठेवता येतो. संशोधन संस्थेतील यंत्रावर आज द्रवगतिशास्त्र, उद्या रसायन, परवा अणुकेंद्राचे गणित चालते. अमेरिकेला भीती होती अण्वस्त्रांची आणि क्षेपणास्त्रांची. परंतु तिला जे रोखायचे होते, ते यंत्राहून अधिक त्याचा मुक्त वापर होता.

४/ गंमत अशी, की खुद्द अमेरिकी प्राध्यापकांनाही हा वापर सहज उपलब्ध नव्हता. महासंगणक होते ते प्रामुख्याने शस्त्रास्त्र प्रयोगशाळांत. खगोलशास्त्रज्ञ लॅरी स्मार यांना अमेरिकेत बनलेला क्रे वापरण्यासाठी जर्मनीत म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेत जावे लागले. १९८२ च्या लॅक्स अहवालाने या विसंगतीवर बोट ठेवले.

५/ परिणामी १९८५-८६ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने पाच केंद्रे उभारली: सॅन डिएगो, इलिनॉय, कॉर्नेल, पिट्सबर्ग आणि प्रिन्स्टन. त्याहून महत्त्वाचे पाऊल पुढचे. १९८६ मध्ये ही केंद्रे जोडणारे ‘एनएसएफनेट’ सुरू झाले. वेग सेकंदाला अवघा ५६ हजार बिट. पण दूरच्या विद्यापीठातील संशोधकाला केंद्राचे दार उघडले. पुढे याच जाळ्यावर इंटरनेट वाढले.

६/ आता पुणे. मार्च १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील कल्पना समजायला ऊसतोडीचा फड पाहावा. एकच कोयता कितीही धारदार केला तरी मर्यादा येते. टोळीने फड वाटून घेतला की काम आटोपते. क्रे म्हणजे धारदार कोयता, परम म्हणजे टोळी.

७/ टोळीचे कोयते मात्र विलायती होते: ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. भारतीय कर्तृत्व होते मुकादमीत, म्हणजे कामाची वाटणी, प्रक्रियकांचा परस्पर संवाद आणि ते साधणारी आज्ञावली. ‘संपूर्ण स्वदेशी’ ही घोषणा या कर्तृत्वाला मोठे करत नाही. ते नेमके कोठे होते, हे ती झाकते.

८/ शिवाय परम एकटा नव्हता. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा ‘फ्लोसॉल्व्हर’ १९८६ चा, म्हणजे सी-डॅकच्या जन्माआधीचा. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’, संरक्षण संशोधनातील ‘पेस’ हेही त्याच वाटेवरचे. एका नायकाच्या कथेत इतक्या प्रयोगशाळा मावत नाहीत, म्हणून त्या गळतात.

९/ कोणी म्हणेल, कथा प्रेरणा देते, मग चिकित्सा कशाला? प्रेरणेला हरकत नाही. परंतु ‘यंत्र मिळाले का?’ एवढाच प्रश्न शिकवणारी कथा ‘ते वापरायला कोणाला मिळाले?’ हा प्रश्न विसरायला लावते. संशोधन संस्थेला मिळालेल्या नकाराचा मर्मबिंदू तर हाच दुसरा प्रश्न होता.

१०/ तो आज अहिल्यानगरच्या वेशीवर उभा आहे. अकोल्यातील घाटघर-रतनवाडीत पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून साधारण दीडशे किलोमीटरवरील पाथर्डीत वर्षाला पाचसहाशे मिलिमीटरच्या आसपास. एकाच जिल्ह्यातील ही दरी मोठ्या चौकटींच्या प्रारूपात नीट उतरत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्क’ महासंगणकाच्या बळावर २०२५ मध्ये १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटींचे प्रारूप आले. ही खरी प्रगती आहे.

११/ पारनेर-संगमनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्या संशोधनासाठी २०२४ मध्ये पुण्यात ‘परम रुद्र’ आला. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले होते. त्यातील यंत्रे बहुतांशी आयआयटी, आयसर यांसारख्या केंद्रीय संस्थांत आहेत. विद्यार्थ्यांची मोठी संख्या मात्र राज्य विद्यापीठांत शिकते.

१२/ म्हणून मोजमाप बदलले पाहिजे. यंत्र किती पेटाफ्लॉपचे, हे उद्घाटनाच्या बातमीत येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याला ज्वारीच्या वाढीचे प्रारूप चालवायचे असेल, तर त्याला किती तास मिळतील, कोणाच्या शिफारशीने, किती दिवसांत? प्रत्येक केंद्राने वेळवाटपाचा हिशेब संस्थानिहाय दरवर्षी जाहीर करावा. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राकडून ही मागणी फार नाही.

१३/ १९८० च्या दशकात दार परक्याने बंद केले, म्हणून त्याची गोष्ट झाली. घरातले दार अर्धवट उघडे राहिले, तर त्याची गोष्टही होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या नावाआधी वेळवाटपाची ती वही मागावी.