एका किनाऱ्याची तीन खाती

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीचे पुढे काय करावे, हा प्रश्न २०१४ साली राणी जाधव समितीची नेमणूक झाल्यापासून या शहरापुढे उभा आहे. आणि तेव्हापासून जे आराखडे, हरकती व खुलासे प्रसिद्ध झाले त्यांत चटईक्षेत्र किती द्यावे, उद्याने कोठे असावीत, जुन्या भाडेकरूंची सोय कशी लावावी यांचा ऊहापोह पुष्कळ झाला. परंतु ज्या पाण्याला लागून ही जमीन आहे, नव्हे, ज्या पाण्यात भर घालून तिचा बराचसा भाग निर्माण झालेला आहे, त्या पाण्याची आणि चिखलाची आजची अवस्था काय, ती सुधारते आहे की खालावते आहे, आणि हे ठरविण्याचा लेखी आधार कोणाच्या दफ्तरी सापडेल, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

१८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव धारण करणारे रे रोड स्थानक १९१० साली, कुर्ल्याहून येणाऱ्या हार्बर मार्गावर सुरू झाले, आणि धान्याची कोठारे, कापसाची गोदामे, लाकडाच्या व लोखंडाच्या वखारी यांनी त्याचा परिसर भरून गेला. पूर्वेस दारूखान्याच्या किनाऱ्यावर आयुष्य संपलेली जहाजे ओढून आणून तोडली जातात, आणि त्यांच्या गंजाबरोबर, तेलाबरोबर, तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या विषारी रंगाचे कणही त्याच चिखलात उतरतात. तेथून थोडे उत्तरेस गेले की शिवडीचा विस्तीर्ण चिखलपट्टा ओहोटीला उघडा पडतो. थोडे दक्षिणेस आले की भाऊचा धक्का, जेथे रात्रंदिवस ट्रॉलर रिकामे होत असतात. जहाजे, पक्षी आणि मासे यांचा इतका निकटचा शेजार हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कोणत्याही महानगराच्या पोटात क्वचितच सापडेल. आणि तरीही येथील मासे, पक्षी व जमीन यांचा हिशेब ठेवणारी खाती तीन असून ती एकमेकांचे तोंड पाहात नाहीत, ही माझी या लेखापुरती मुख्य तक्रार आहे.

पहिले खाते माशांचे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली, आणि समुद्रातले मासे मोजणे अशक्य असल्यामुळे किनाऱ्यावर उतरणारे मासे मोजावेत, अशी एक अत्यंत विचारपूर्वक पद्धत तिने संख्याशास्त्राच्या आधाराने बसविली. प्रत्येक बंदरावर रोज माणूस बसविणे परवडणारे नाही. म्हणून महिन्यातले काही दिवस यादृच्छिक रीतीने निवडावयाचे, त्या दिवशी दुपारी बारापासून सायंकाळी सहापर्यंत व दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दुपारपर्यंत गणकाने धक्क्यावर हजर राहावयाचे, रात्री लागलेल्या नौकांची चौकशी करून भर घालावयाची, आणि लागलेल्या नौकांपैकी काहींचा माल जातवार तपासून त्यावरून साऱ्या बंदराचा, जिल्ह्याचा आणि राज्याचा अंदाज बांधावयाचा. भाऊच्या धक्क्यावर हे काम किती अवघड आहे याची कल्पना, तेथे पहाटे एकदाही उभे राहिलेल्या माणसास सहज येईल. पायाखाली बर्फाचे पाणी, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारे हमाल, लिलाव पुकारणाऱ्यांचा आणि मोल करणाऱ्या कोळणींचा कल्लोळ. त्यात गणकाने पापलेट फळीवर आडवे ठेवून त्याची लांबी मिलिमीटरात वाचावयाची, वजन घ्यावयाचे, विकत घेता आले तर पोट उघडून गाभोळी कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावयाचे, आणि तोवर धनी घाई करीत असतो, कारण प्रत्येक मिनिटाला मालाचा भाव उतरत असतो. बाजूला कुट्याचा ढीग पडलेला असतो: बोटभर लांबीचे ढोमे, लहान वाम, न वाढलेले बोंबील, ज्यांना अन्न म्हणून कोणी विचारीत नाही आणि जे कोंबड्यांच्या किंवा माशांच्याच खाद्याच्या कारखान्यात जातात. उद्याचा बाजार कसा भरेल हे जाणून घ्यावयाचे असेल, तर निवडलेल्या पाट्यांपेक्षा या ढिगाकडे अधिक वेळ पाहावे असे मला प्रांजळपणे वाटते.

२०१८ साली महाराष्ट्रात सुमारे २.९५ लाख टन सागरी मासळी उतरली. २०१९ साली हा आकडा २.०१ लाख टनांवर आला आणि तो पंचेचाळीस वर्षांतला नीचांक असल्याचे याच संस्थेने सांगितले. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे अरबी समुद्रात पाठोपाठ आली व नौका कित्येक दिवस बंदरातच अडकून राहिल्या, हेही तितकेच खरे. तेव्हा मासे कमी झाले की मासेमारीचे दिवस कमी झाले, या दोहोंतला भेद करण्यासाठी जाळे किती तास पाण्यात होते, नौका किती दूर गेली, डिझेल किती जळाले, याची रुजुवात घालावी लागते. हे काम शास्त्रज्ञ करतात. पण वर्तमानपत्रात येतो तो एकच आकडा, आणि त्यावर मंत्रालयात व धक्क्यावर आपापल्या सोयीचे अर्थ लावले जातात.

दुसरे खाते पक्ष्यांचे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, शिवडी ते न्हावा शेवा सागरी सेतूच्या निमित्ताने, ठाणे खाडी व शिवडी येथील रोहित पक्ष्यांची दीर्घकालीन गणना हाती घेतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये हा आकडा १.२ लाखांच्या पुढे गेला. आम्हां मुंबईकरांना या आकड्याचा अभिमान वाटला, आणि तो स्वाभाविकही होता. गुलाबी पंखांचा तो समुदाय ओहोटीच्या पाण्यावरून उठताना पाहणे ही या शहरातल्या थोड्या निर्मळ सुखांपैकी एक गोष्ट आहे. पण धाकटा रोहित चिखलातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि ते शेवाळ जोमाने वाढण्यासाठी जे खत लागते ते आपल्या नाल्यांतून खाडीत येणाऱ्या सांडपाण्यात विपुल असते. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी ठाणे खाडीच्या गाळाचा, उथळपणाचा आणि प्रदूषणाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. आणि खाडीकाठचे कोळी, ज्यांच्या वाडवडिलांनी त्याच पाण्यात डोल जाळी लावून पोटे भरली, ते सांगतात की पूर्वी मिळणारे मासे आता मिळत नाहीत. पक्ष्यांचे खाते पाहणारा म्हणतो की खाडी समृद्ध होत आहे. माशांचे खाते पाहणारा म्हणतो की ती दरिद्री होत आहे. दोन्ही नोंदी एका पानावर मांडल्या तर कदाचित असे दिसून येईल की एकाच मळीने पक्ष्याला पोसले आणि माशाला गुदमरविले. कदाचित असे दिसणारही नाही. पण मांडून पाहिल्याशिवाय ते कळावे कसे?

तिसरे खाते जमिनीचे, आणि ते सर्वांत पुरातन व सर्वांत काटेकोर. ब्रिटिश अमदानीपासून जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नकाशा आहे, हद्द आहे, भाडेपट्ट्याची मुदत आहे. तसूभर फेरफार झाला तरी त्याचा कागद होतो. पाण्यावरच्या वहिवाटीचा मात्र कागद नाही. शिवडी, माहूल किंवा तुर्भे येथील कोळी कोणत्या महिन्यात खाडीच्या कोणत्या भागात जाळे लावतो, चिंबोऱ्या कोठे मिळतात, कालवे कोणत्या खडकावरून काढतात, हे साऱ्या वस्तीला ठाऊक असते आणि कोणत्याही कचेरीत लिहिलेले नसते. म्हणून पूल बांधावयाचा झाला की बाधित कोण व नुकसान किती, याचा वाद शून्यापासून सुरू होतो. वरळीचे उदाहरण ताजे आहे. सागरी किनारा मार्गाच्या खांबांमध्ये साठ मीटरच अंतर ठेवले तर उधाणाच्या दिवसांत होड्या सुखरूप आत आणणे कठीण होईल, असे तेथील कोळी आरंभापासून सांगत होते. त्यांचे म्हणणे मान्य होऊन ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले ते डिसेंबर २०२२ मध्ये, काम पुष्कळ पुढे गेल्यावर आणि आंदोलन झाल्यावर. ही माहिती आधी विचारली असती तर तिला एक पैही खर्च आला नसता.

डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून वाडेन समुद्र नावाचा असाच एक अफाट चिखलपट्टा आहे. एकाच्या हद्दीतला पक्षी दुसऱ्याच्या हद्दीत चरतो आणि तिसऱ्याच्या हद्दीत अंडी घालतो, हे ध्यानात घेऊन या देशांनी १९७८ पासून एकत्र बसावयास आरंभ केला. आणि पुढे पक्षी, सील, शिंपले, मासे, क्षारभूमी व पाण्यातील विषारी द्रव्ये यांच्या मोजणीचा समान कार्यक्रम आखला, ज्यात पद्धत एक आणि निष्कर्षही एकत्र. तीन सार्वभौम राष्ट्रांना जे साधले ते एकाच शहरातल्या तीन कचेऱ्यांना साधू नये, याचे कोणतेही समर्थन मला पटणार नाही.

नियम करण्यात आपण मागे नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. २०२३ साली शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, तीत पापलेट १३५ मिलिमीटर व बोंबील १८० मिलिमीटर, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. माशाला एकदा तरी अंडी घालू द्यावी, या तत्त्वावर बसविलेला हा नियम सर्वथा योग्य आहे. परंतु ट्रॉलरचे जाळे माशाची लांबी विचारून त्याला आत घेत नाही. जाळ्याची आस, म्हणजे त्याची भोके, बारीक असली तर लहान मासा धक्क्याला लागण्यापूर्वीच मेलेला असतो, आणि दंडाची पावती त्याला जिवंत करीत नाही. नियमामुळे पापलेटची सरासरी लांबी वाढली की नाही, हे पाच वर्षांनी सांगता यावे अशी सलग, बंदरवार, सर्वांना पाहता येईल अशी मापे आजपासून जपून ठेवली नाहीत, तर कायद्याचा समर्थक आणि विरोधक दोघेही आवाजाच्या बळावरच भांडत राहतील.

म्हणून माझी सूचना अशी की, भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंतच्या पट्ट्याची एक कायम नोंदवही उघडावी. तीत उतरलेले मासे, मोजलेले पक्षी, चिखलाची व्याप्ती, पाण्यातला प्राणवायू, गाळातले जड धातू आणि कोळ्यांची वहिवाट ही सर्व एकाच नकाशावर व एकाच दिनदर्शिकेत यावीत, आणि ती मराठीत, कोणालाही पाहता येईल अशी असावी. गणक म्हणून कोळीवाड्यांतली तरुण मुले-मुली रीतसर पगारावर नेमावीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद आहेच, आणि बोंबील व ढोमा यांतला फरक त्या मुलांना शिकविण्याची गरज नाही. यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मासेमारीच्या जागा जाहीर झाल्या तर परके ट्रॉलर तेथे धाव घेतील. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून वहिवाटीचा तपशील कोळी समाजाच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नये, अशी तजवीज आरंभीच केली पाहिजे. दुसरा आक्षेप पैशाचा. बंदराच्या जमिनीच्या एखाद्या भूखंडातून येणाऱ्या रकमेच्या मानाने हा खर्च क्षुल्लक ठरेल, आणि ज्या किनाऱ्याच्या जोरावर त्या जमिनीला मोल येणार आहे त्याच्याच देखभालीसाठी त्यातला अंश राखून ठेवणे ही कोणावर मेहेरबानी नव्हे.

शिवडीचा चिखलपट्टा अभयारण्यात नाही. ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले ते उत्तरेस, ऐरोली व वाशी यांच्या दरम्यान. त्यामुळे येथे जे घडेल ते बंदर, महानगरपालिका आणि शासन यांच्या सद्बुद्धीवर अवलंबून आहे, आणि विकासाचा पहिला भूखंड कोणाच्या स्वाधीन करण्यापूर्वी निदान सबंध एका वर्षाची, सर्व ऋतूंतली नोंद हाती असावी, एवढी अट घालणे त्यांना शक्य आहे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टनंतर पहिल्या नौका भाऊच्या धक्क्याला परत लागतील त्या दिवसापासून आरंभ करावयाचा असेल, तर गणकांची निवड, मोजपट्ट्या आणि छापील तक्ते यांची व्यवस्था पावसाळ्याचे हे दोन महिने हाताशी असतानाच झाली पाहिजे.