परीक्षकाची परीक्षा

व्यापाऱ्याच्या दुकानातील तराजू व वजने यांची ठरावीक मुदतीने शासनाकडून पडताळणी होते व त्यांवर मुद्रा उमटविली जाते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. वजन लोखंडाचे असले तरी वापराने झिजते. आणि झिजलेले वजन माल चुकीचा मोजते एवढेच नव्हे, तर चूक होत आहे याची जाणीवही होऊ देत नाही. मोजण्याचे साधन मधून मधून स्वतःच मोजून घेतले पाहिजे, हे तत्त्व भौतिक मापनाच्या क्षेत्रात निर्विवाद मानले जाते. सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्या साधनांच्या बाबतीत मात्र ते अद्याप पुरतेसे रुजलेले नाही. ते रुजणे अगत्याचे आहे, असे आमचे मत आहे.

स्वयंचलित चाचणी म्हणजे काय, हे प्रथम पाहू. रेल्वेचे तिकीट काढण्याच्या संकेतस्थळात काही बदल केला, तर गाडीचा शोध, जागेची निवड, पैसे भरणे या सर्व क्रिया पूर्ववत चालतात की नाही हे दर वेळी माणसाने हाताने तपासावयाचे म्हटल्यास दिवसचे दिवस जातील. म्हणून ते काम करणारा दुसरा प्रोग्रॅम लिहितात. तो ब्राउझर उघडतो, कळा दाबतो, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो, आणि हिरवी किंवा तांबडी खूण करतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने 1985 साली केंद्र उघडले तेव्हापासून सॉफ्टवेअरचे मोठे ठाणे बनत गेलेल्या बंगळूर शहरात अशा चाचण्या लिहिणे व त्या चालू ठेवणे हा हजारो तरुणतरुणींचा व्यवसाय आहे. या कामासाठी फार वापरले जाणारे सेलेनियम हे साधन जेसन हगिन्स यांनी 2004 साली शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीत असताना निर्माण केले. त्याची आंतरराष्ट्रीय परिषद 2014 साली बंगळुरातच भरली होती.

परंतु चाचणी एकटी उभी नसते. ती सेलेनियमवर, सेलेनियम ड्रायव्हर नावाच्या दुव्यावर, आणि तो दुवा ब्राउझरवर अवलंबून असतो. अशा आधारांना या व्यवसायात डिपेन्डन्सी म्हणतात. क्रोम हा ब्राउझर स्वतःहून नवा होत राहतो. 2021 साली त्याच्या मुख्य आवृत्त्या सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांनी निघू लागल्या. ड्रायव्हर मात्र जुनाच राहिला, तर एखाद्या सकाळी सर्व चाचण्या तांबड्या झालेल्या दिसतात. वस्तुतः संकेतस्थळात एका अक्षराचाही बदल झालेला नसतो.

काही वेळा साधनच कालवश होते. पडद्यावर न दिसता चालणारा फँटमजेएस हा ब्राउझर 2011 पासून चाचणीसाठी पुष्कळ वापरात होता. 2017 साली क्रोमलाच ती सोय आली. फँटमजेएसची जबाबदारी वाहणाऱ्याने त्याच वर्षी ती सोडली, आणि 2018 साली त्याचा विकास थांबविण्यात आला. त्यातील जुन्या यंत्रणेला जावास्क्रिप्टची नवी रूपे समजत नसत. त्यामुळे खऱ्या ब्राउझरमध्ये उत्तम चालणारे पान तेथे मात्र नापास होई. गूगलचे प्रोट्रॅक्टर हे साधनही 2023 साली निवृत्त झाले.

यातील खरा धोका वेळेच्या अपव्ययाहून मोठा आहे. तांबडी खूण पुनःपुन्हा साधनाच्या दोषाने उमटू लागली की कामगारांना तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते. लांडगा आला रे आला, ही कथा येथे अक्षरशः खरी ठरते. पुढची पायरी याहून वाईट: त्रास देणारी चाचणी 'तूर्त' बंद करून ठेवतात, ती बंदच राहते, आणि हिरव्या खुणांच्या रांगेत एक जागा रिकामी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर दोन सोपे उपाय सुचविले जातात. दोन्ही अपुरे आहेत. एक म्हणजे चालते आहे त्याला हात लावू नये. परंतु जग पुढे जाते, जुन्या साधनांतील सुरक्षेची छिद्रे उघडकीस येतात, आणि पाच वर्षांचे साचलेले काम एका आठवड्यात उरकण्याची पाळी येते. दुसरा म्हणजे सदैव नवीनतम आवृत्ती आपोआप घ्यावी. मग चाचणी नापास झाली असता दोष मालात आहे की मापात, हे ठरविता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा शाळेत शिकविला जाणारा नियम येथे मोडला जातो.

योग्य मार्ग या दोहोंच्या मधला आहे. प्रत्येक साधनाची आवृत्ती नेमकी नोंदवून स्थिर ठेवावी. आणि ठरावीक मुदतीने, एका वेळी एक, अशी ती बदलावी. चाचणी घेतलेला माल त्या दिवशी मुळीच बदलू नये, म्हणजे उमटलेली तांबडी खूण साधनाचीच समजता येईल. साधन निवृत्त होणार असल्यास जुने व नवे काही काळ शेजारी शेजारी चालवून निकाल ताडून पाहावेत. आणि अधूनमधून मालात मुद्दाम एक चूक घालून चाचणी ती पकडते की नाही हे पाहावे. हीच परीक्षकाची खरी परीक्षा होय.

या कामाचे पैसे ग्राहक देत नाही, असा आक्षेप व्यवस्थापक घेतात, आणि तो खोटा नाही. पण तराजूच्या पडताळणीचे शुल्कही गिऱ्हाईक वेगळे देत नाही. ते दुकान चालविण्याच्या खर्चातच धरलेले असते. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक अंदाजपत्रकात साधनांच्या नूतनीकरणाचे तास पहिल्या दिवसापासून स्वतंत्र रकान्यात लिहिले जावेत, आणि तंत्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी चाचणी लिहिण्याबरोबर ती सांभाळण्याचेही शिक्षण द्यावे. नोकरीला लागलेल्या तरुणाच्या वाट्याला पहिल्या दिवशी बहुधा दुसऱ्या कोणी तरी लिहिलेली जुनी चाचणीच येते.