मोझेलचे द्राक्ष : निसर्गाची देणगी की राज्यकर्त्याचा हुकूम?

१/ जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे आणि रीसलिंग हे द्राक्ष यांचे नाते जणू अनादी आहे, असे अनेकदा सांगितले जाते. माझ्या मते हा समज इतिहासाला धरून नाही. शिवाय त्यात मळा कसणारा शेतकरीच दृष्टिआड होतो.

२/ भूगोलाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ५० उत्तर अक्षांशाजवळच्या या थंड खोऱ्यात खड्या, दक्षिणाभिमुख उतारांवर ऊन थेट पडते आणि पाटीचा दगड दिवसाची ऊब रात्री परत देतो. रोमन काळापासून येथे द्राक्षमळे आहेत. चौथ्या शतकातील कवी ऑसोनियसच्या मोझेलवरील लॅटिन काव्यात त्यांचे वर्णन येते.

३/ रीसलिंगचा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख मात्र १४३५ चा, तोही मोझेलकाठचा नव्हे, तर माइन नदीकाठच्या र्‍युसेल्सहाइमचा. मोझेलच्या शेतकऱ्याला दीर्घकाळ आधार होता तो एल्बलिंगचा : वाइन साधी, पण पीक भरघोस.

४/ १७८७ मध्ये ट्रियरचा आर्चबिशप आणि शासक क्लेमेन्स वेन्झेस्लाउस याने हुकूम काढला : निकृष्ट वेली उपटा, उत्तम वेली लावा. याचा लाभ रीसलिंगला झाला. ही वेल थंडीला काटक, परंतु फळ उशिरा पिकणारे. गारठ्याच्या वर्षी ते आंबटच राहते. कीर्ती प्रदेशाला मिळाली, जोखीम शेतकऱ्याच्या माथी आली.

५/ १८१५ मध्ये हा प्रदेश प्रशियाकडे गेला. संरक्षक जकातीमुळे आरंभी मळे वाढले. पुढे १८३४ च्या जकातसंघामुळे दक्षिण जर्मनीची वाइन जकातीविना येऊ लागली आणि मोझेलचा शेतकरी कर्जात बुडाला. ट्रियरमध्येच जन्मलेल्या तरुण कार्ल मार्क्सने जानेवारी १८४३ मध्ये ‘राइनिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात त्याची कैफियत मांडली. आपण आर्थिक प्रश्नांकडे वळलो त्यामागे मोझेलच्या शेतकऱ्यांचा प्रश्नही होता, असे त्याने १८५९ मध्ये स्वतः नमूद केले.

६/ म्हणून एखाद्या वाइनचे श्रेय केवळ ‘मातीच्या गुणाला’ दिलेले दिसले, की इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : ही वेल कोणाच्या आज्ञेने लागली? आणि पीक बुडाले तेव्हा झळ कोणाला बसली?