जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी तापी-गोमाईच्या संगमी, प्रकाशे येथे, केदारेश्वराच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. त्याच शहादे तालुक्यात सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले पुरुषोत्तमनगर आहे. तेथील कीर्तनानंतर पंचक्रोशीतील काही मंडळी आम्हांस भेटली. त्यांच्या गावी महादेवाचे लहानसे दगडी देऊळ आहे. चार खांब, ठेंगणे द्वार आणि दोन पायऱ्या उतरून गाभारा, एवढाच त्याचा विस्तार. वर्गणी जमली आहे, देऊळ उतरवून भव्य मंदिर बांधावयाचे आहे, मुहूर्त तेवढा आपण सांगावा, अशी त्यांची विनंती होती. आम्ही मुहूर्त सांगितला नाही. त्याचे कारण येथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या त्या गावचा नाही.

अशा देवळांस आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्रिपंडित हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. परंतु अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे त्याच्याही दोन शतके आधीचे आहे. नाव मागाहून चिकटले, विद्या मात्र जुनी. दगडावर दगड चुन्यावाचून, खाचेत कुसू बसवून रचावयाचा. छतास कमान नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून तो लहान लहान करीत न्यावयाचा आणि शेवटी एका शिळेने मिटवावयाचा. उंबरठ्यावर कीर्तिमुख, खांबांवर घटपल्लव, अभिषेकाचे तीर्थ बाहेर नेणारी प्रणालिका. द्वार ठेंगणे, म्हणून धनिकासही मान लववूनच आत जावे लागते. गाभारा अंधारा, म्हणून एक समई पुरते. आज आपणांस जी उणीव वाटते, ती त्या स्थपतीची योजना होती.

आता खानदेशातीलच एक उदाहरण पाहा. चाळीसगाव तालुक्यात पितळखोऱ्याच्या डोंगराखाली पाटण येथे महेशाचे देवालय आहे. तेथील शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ चा शिलालेख सांगतो की, निकुंभवंशीय इंद्रराजाने ते आरंभिले. पुढे तो निवर्तला आणि पुत्र गोवन अल्पवयी असता राणी श्रीदेवीने राज्य सांभाळले. त्याच पाटणच्या भवानीच्या देवळातील दुसरा लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, ही वार्ता आपणांस त्या एका शिळेने दिली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती उजेडात आणली. त्यापूर्वी कोणा उत्साही भक्ताने त्या शिळेस गिलावा केला असता, तर भारतातील एका थोर गणितज्ञाच्या कुळाची ही कथा भिंतीतच मिटली असती.

त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो. मठाच्या निर्वाहासाठी काय द्यावयाचे, ते त्यात नोंदले आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकाने पळी पळी तेल द्यावे! राजाने दान दिलेच. पण दिवा चालला तो तेल्याच्या पळीने. धर्मस्थान टिकते ते असे, अनेकांच्या अल्प परंतु अखंड सेवेने. आज आपण वर्षानुवर्षे देवळाकडे पाहत नाही आणि मग एकदाच लाखोंची वर्गणी करून त्यावर तुटून पडतो.

कोणी म्हणतील, देऊळ गळते, वटवाघळे शिरतात, पायरी निसरडी झाली आहे. मग काय तसेच राहू द्यावे? मुळीच नाही. जीर्णोद्धार हे शास्त्रविहित कर्म आहे. अग्निपुराणात त्याच्या विधीस स्वतंत्र स्थान आहे. परंतु शब्दाकडे पाहा. उद्धार जीर्णाचा करावयाचा आहे, संहार नव्हे. शिखराच्या सांध्यात रुजलेला पिंपळ लहान असतानाच काढावा. गळती चुन्याने बुजवावी, सिमेंटने नव्हे; कारण सिमेंट आणि तैलरंग यांमुळे ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. प्रणालिका मोकळी ठेवावी. एखादा भाग उतरविणे अटळच झाले, तर आधी मापे व छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक शिळेस क्रमांक घालावा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागास विचारल्यावाचून हात लावू नये. १९५८ चा केंद्रीय कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या स्मारकांचे रक्षण करतो. गावोगावच्या असंख्य लहान देवळांस मात्र गावकऱ्यांच्या श्रद्धेवाचून दुसरा राखणदार नाही.

हा उपदेश आम्ही निर्दोष राहून करीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका गावी अशाच नव्या मंदिराच्या कलशारोहणास आम्ही कीर्तन केले, जुने देऊळ पाडणाऱ्यांची भरसभेत प्रशंसा केली आणि श्रीफळ घेऊन परतलो. पुढे पुन्हा त्या गावी जाणे झाले. ओढ्यावर धुण्यासाठी दगड मांडले होते. त्यांतील एकावर कीर्तिमुख होते, एकावर झिजलेली अक्षरे. आम्ही ती वाचावयास बसलो. जेमतेम दोन अक्षरे लागली. ती कोणी कोरविली, कोणत्या राणीने वा कोणत्या तेल्याने तेथे काय वाहिले, हे आता कोणासही कळणार नाही. त्या दिवशी आमचे पांडित्य आम्हांसच लज्जास्पद वाटले.

म्हणून त्या मंडळींस आम्ही एवढेच म्हणालो : मुहूर्त हवाच असेल, तर शिवरात्रीचा घ्या, मात्र पाडण्यासाठी नव्हे, झाडण्यासाठी. प्रत्येक घरातून एकाने यावे, आवार स्वच्छ करावे, भिंतीवर अक्षरे दिसल्यास त्यांचे छायाचित्र घेऊन जाणत्यास दाखवावे आणि संध्याकाळी पळीभर तेल घालावे. जमलेली वर्गणी बुडीत नाही. ती गळती थांबविण्यास आणि पुढील वर्षांच्या दिव्यास पुरेल.

बेलाचे एक पान ज्यास पुरते, त्या भोळ्या शंकरास संगमरवराची हाव कोठून असणार? ती आपलीच असते. ती आवरण्याची बुद्धी त्याने आम्हां सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.