फियाट केवळ टॅक्सी नव्हती



फियाट ११०० आणि स्टँडर्ड हेरल्ड यांची तुलना करणारं पत्र वाचलं. इटलीची फियाट टॅक्सीवाल्यांची आणि इंग्लंडची हेरल्ड तेवढी वेगाची, हा निवाडा मला साफ अमान्य आहे.

हेरल्डचं स्टिअरिंग हलकं होतं, वळायला तिला जागा फार थोडी लागे. पुढचं अख्खं बॉनेट उचललं की मेस्त्री चाकावर बसून इंजिनाचं काम करी. हे सगळं कबूल. पण भरवेगात वळण घेताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की मागची चाकं आत दुमडत आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. दोष मागच्या ॲक्सलच्या रचनेतच होता. फियाटचा मागचा ॲक्सल अखंड, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेला. वळणावर ती काय करणार याचा अंदाज चुकत नसे. बॉडीही एकसंध, वेगळी चासी नाही. शोलावरमच्या मोटार शर्यतींत खास तयार केलेल्या फियाट उगाच धावल्या नाहीत.

 

राहिलं हेरल्डचं देखणेपण. पत्रलेखकांनी ते इंग्लंडच्या खाती जमा केलं आहे, पण तिचा आराखडा जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचा, आणि ते इटलीचे.

— एक वाचक, सोलापूर